वाया गेलेल्या वर्षाचा हिशोब

गेल्या वर्षी भर पावसात आमच्या केंद्रावर चार मुली आल्या. चौघींच्या अंगावर पांढरा गणवेश, खिशावर संस्थेचं नाव शिवलेलं. काम साधं होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि महाडीबीटीच्या यादीत त्यांच्या कॉलेजचं नाव सापडत नव्हतं. "ताई, कॉम्प्युटरवाला म्हणतो साइट स्लो आहे, उद्या या. तीन वेळा जाऊन आलो." मलाही आधी तसंच वाटलं. सरकारी साइट अडते यात नवीन काय? मग आम्ही बसून जिल्हा निवडला, अभ्यासक्रम निवडला, यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. साइट नीट चालत होती. नाव नव्हतं.

त्या यादीत मान्यता असलेल्याच संस्था असतात, हे मला माहीत होतं. मुलींना ते सांगायला माझी जीभ रेटेना. आधी खात्री करू म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेची यादी पाहिली, शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची पाहिली. कुठंच नाव नाही. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. मान्यता असलेल्या संस्थेतून ते पूर्ण केलं की परिषदेत नोंदणी होते आणि मगच मुलगी कायद्यानं परिचारिका ठरते. या मुली शिकत होत्या तो 'नर्सिंग डिप्लोमा' यातलं काहीच नव्हता. एस.टी. स्टँडसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक प्लॅस्टिकचा सांगाडा आणि एक पलंग, एवढंच ते कॉलेज. दुपारनंतर 'प्रॅक्टिकल' म्हणून जवळच्या खाजगी दवाखान्यात पाठवायचे. तिथं या मुली रात्रपाळीसुद्धा करत होत्या. फुकट. उलट त्यासाठी प्रॅक्टिकल फी म्हणून सहा हजार रुपये त्यांनीच भरले होते.

माहितीपत्रक मी जपून ठेवलं आहे. मुखपृष्ठावर सावित्रीबाईंचं चित्र. आत तीन ओळी ठळक टायपात: शासनमान्य अभ्यासक्रम, शंभर टक्के नोकरी, मुलींना शिष्यवृत्तीतून फी परत. पहिल्या वर्षाची फी साठ हजार. "आत्ता भरा, डिसेंबरात खात्यावर जमा होईल," असं प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं. हे तिसरं वाक्य नसतं तर यातली एकही मुलगी तिथं गेली नसती. साठ हजार रुपये शेतमजुराच्या घरात नसतात. पण सहा महिन्यांत परत येणारे साठ हजार कुठून तरी उभे करता येतात. एकीच्या आईनं बचत गटातून कर्ज काढलं, एकीनं डोरलं गहाण टाकलं, एकीच्या भावानं ऊसतोडीची उचल घेतली. म्हणजे संस्थेनं शिक्षण विकलं त्याआधी एक आशा विकली, आणि ती सरकारी योजनेच्या नावावर विकली.

या धंद्यात पूर्ण खोटं क्वचितच बोललं जातं. खऱ्याच्या शेजारी खोटं ठेवलेलं असतं. शिष्यवृत्ती खरीच आहे. मुलींच्या मोफत शिक्षणाचा शासन निर्णयही खरा आहे. ८ जुलै २०२४ चा हा निर्णय सांगतो, की व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरेल. आधी निम्मं मिळत होतं. आता पुढचं वाचा. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्थेच्या पातळीवरचा प्रवेश असेल तर हा लाभ नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. वसतिगृह, मेस, पुस्तकं, बसचा पास हे तर नाहीच नाही. गावात पोचली ती मात्र दोनच अक्षरं: 'मुलींना मोफत'. उरलेल्या अटी सांगण्याचं काम कुणाचं? शासनानं जाहिरात केली आणि अटी निर्णयाच्या पानांत ठेवल्या. संस्थांनी जाहिरात उचलली आणि अटी सोडून दिल्या. मान्यता असलेल्या कॉलेजांतही मुलींना "जागा भरत आल्यात, संस्थेच्या कोट्यातून घे, फी माफच आहे" असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. मुलगी प्रवेश घेते आणि दुसऱ्या सहामाहीत फीची नोटीस येते.

आता आमच्याच घरातली गोष्ट सांगते, कारण ती झाकली तर बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. या मुलींना त्या संस्थेत नेणारी बाई कुणी परकी दलाल नव्हती. बचत गटांच्या कामात दहा वर्षं असलेली, आमच्या शिबिरांना आलेली, ८ मार्चच्या मोर्चात पुढं चालणारी बाई. प्रत्येक प्रवेशामागं तिला दोन हजार रुपये मिळत होते. मी विचारलं तेव्हा ती रडली नाही, चिडली. म्हणाली, "ताई, मी माझ्या बहिणीची पोरगीपण तिथंच घातलीय. मला काय माहीत?" ते खरं होतं. तिची भाचीही त्या चौघींत होती. तिनं पैसे घेतले हे चूक, हे मी तिच्या तोंडावर सांगितलं आणि आजही माझं तेच मत आहे. पण एवढं मान्य करावं लागतं, की बाईवर बाईचा विश्वास बसावा म्हणून आपण जी साखळी वर्षानुवर्षं बांधली, ती त्या संस्थेला तयार मिळाली. वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली नाही. आता ती बाई आमच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहे. तिला जवळ करावं की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. मी जवळ करावं या बाजूची आहे.

चार मुलींच्या चौकशीतून नऊ निघाल्या. पोलिसांत गेलो. ठाण्यात सांगितलं गेलं, हा फीचा वाद आहे, दिवाणी मामला आहे, समजुतीनं मिटवा. फसवणुकीचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत आहे. कलमाचा आकडा बदलला, ठाण्यातलं उत्तर तेच राहिलं. लेखी अर्जाची पोच मात्र आम्ही हट्टानं घेतली. आठवड्याभरात संस्थेचा निरोप आला: निम्मी फी परत देतो, आमची तक्रार नाही असं स्टँपपेपरवर लिहून द्या, मग दाखले मिळतील. शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची मूळ गुणपत्रिका त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच ठेवून घेतली होती. दुसरीकडे जायचं तर ती हवी. म्हणजे ओलीसच.

तीन घरांनी सही केली. मला त्यांचा राग नाही. एका वडिलांनी सांगितलं, "अहो ताई, पोरीचं नाव कोर्टात गेलं तर उद्या सोयरीक कोण करील? फसली हे कळतं का लोकांना? लोक म्हणतील कायतरी भानगड झाली." आणि तिथंच माझ्या लक्षात आलं, की या प्रकरणात मुलगा आणि मुलगी यांचं नुकसान एक नाही.

मुलाचं वर्ष वाया गेलं तर वर्ष वाया जातं. वाईटच आहे ते. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा सुरू करतो. मुलीला घरानं मोजून दिलेली वर्षं असतात. "दोन वर्षं शिक, मग बघू," या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातलं एक गेलं की उरलेलं आपोआप रद्द होतं. आणि ती परवानगी सहज मिळालेली नसते. आजीशी भांडून, चुलत्याला गप्प बसवून, आईनं मध्ये पडून ती मिळवलेली असते. फसवणूक उघड झाली की घरात संस्थेवर कुणी चिडत नाही. आईवर चिडतात. "तूच म्हणत होतीस ना शिकू द्या?" नऊपैकी दोघींची लग्नं दिवाळीनंतरच्या पहिल्या तिथीला झाली. तिसरी त्याच दवाखान्यात महिना पाच हजारांवर 'सिस्टर' म्हणून लागली आहे. नोंदणी नाही, नेमणुकीचं पत्र नाही, कधी काही चुकलं तर दोष तिच्या एकटीच्या माथी. नोंदणी असलेल्या परिचारिकेला द्यावा लागणारा पगार वाचतो म्हणून अशा मुली दवाखान्याला हव्याच असतात. त्या सलाइन लावतात, इंजेक्शनं देतात. रुग्णालाही कुणी काही सांगितलेलं नसतं.

राहिल्या सहा. त्यांच्या बाजूनं आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं आणि आमच्या बैठकीत खरा वाद सुरू झाला.

एका ज्येष्ठ मैत्रिणीनं सरळ विचारलं, "ग्राहक? आपण मुलींना ग्राहक म्हणायचं?" तिचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली तेव्हापासून आपल्या पिढीनं घोषणा दिल्या त्या याच, की शिक्षण हा बाजारातला माल नाही. १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा झाला त्यामागं हाच रेटा होता. आणि आता आपल्याच तोंडानं ग्राहक, सेवा, मोबदला हे शब्द वापरायचे?

गंमत अशी, की हीच घोषणा आज संस्थांचे वकील देतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं एका विद्यापीठाच्या प्रकरणात विद्यार्थिनीला ग्राहक मानायला नकार दिला. २०१२ च्या एका आदेशात तर शिक्षण ही विकाऊ वस्तू नाही, शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत, असं म्हटलं. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठानं आणखी पुढं जाऊन सांगितलं, की खाजगी शिकवणी वर्ग सोडले तर शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याच्या बाहेर. व्यवसाय शिक्षण त्यात आलं, आणि प्रवेशाआधीची प्रक्रियासुद्धा आली. प्रवेशाआधीचीच! जिथं खोटं बोललं जातं ती जागाच नेमकी काढून घेतली. मोर्चात आपण दिलेली घोषणा न्यायालयात अशा कामाला येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पण हे चित्र एकाच बाजूचं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या निर्णयावरचं अपील दाखल करून घेतलं, कारण याच प्रश्नावर त्यांचे स्वतःचेच निकाल वेगवेगळे आहेत. आणि त्यातला एक आपल्या मुलींच्या प्रकरणाशी हुबेहूब जुळतो. बिहारमधल्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजनं १९९३ च्या सुमारास बी.डी.एस.ची जाहिरात दिली. दंत परिषदेची मान्यता नव्हती, विद्यापीठाशी संलग्नता नव्हती. मुलं दोन वर्षं बसून राहिली, परीक्षाच झाली नाही. राष्ट्रीय आयोगानं फी व्याजासह परत द्यायला सांगितली. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९ साली न्यायालयानं ही सेवेतली त्रुटी आहे, दिशाभूल आहे असं सांगून प्रत्येक विद्यार्थ्याला एक लाख रुपये जादा भरपाई दिली, कारण गेलेली वर्षं फी परत देऊन भरून येत नाहीत. जाहिरातीपासून निकालापर्यंत सोळा वर्षं गेली, हेही सांगितलं पाहिजे. दाताचे डॉक्टर व्हायला निघालेली ती मुलं तोवर पस्तिशीला आली असतील.

माझं म्हणणं बैठकीत मी मांडलं ते असं. खोट्या माहितीची भरपाई मागताना आपण शिक्षणाला माल म्हणत नाही. साठ हजार घेऊन पावती देणाऱ्यानं ते आधीच म्हटलेलं आहे. डॉक्टरही म्हणत होते, की आमचा पेशा उदात्त, आम्ही दुकानदार नव्हे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, त्यामुळं वैद्यकाची काही अवनती झाली नाही. रुग्णाला दाद मागायला जागा मिळाली. दोन खोल्या आणि एक सांगाडा यांना शिक्षणसंस्था म्हणून संरक्षण द्यायचं असेल तर आधी त्यांनी आपण शिक्षणसंस्था आहोत हे सिद्ध करावं. ज्येष्ठ मैत्रीण पूर्ण पटली नाही. पण अर्ज लिहायला तीच बसली, कारण तिच्याइतकं स्वच्छ मराठी आमच्यात कुणी लिहीत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गावात असंच काही चाललं असेल, म्हणून कामाचं तेवढं सांगते. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. संस्थेच्या गावी जावं लागत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. वकील असलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, हे विसरायचं नाही. "देतो, देतो" म्हणत संस्था ही दोन वर्षंच खात असते. पावती, माहितीपत्रक, मोबाईलवरचे निरोप, वर्गाच्या पाटीचा फोटो, काहीही फेकू नका. पावतीवर 'देणगी' किंवा 'इतर' लिहून देतात, ते तिथल्या तिथं हटकायचं. मूळ दाखले कुणालाही द्यायचे नाहीत, साक्षांकित प्रती द्यायच्या. आणि प्रवेशाआधी महाडीबीटीच्या यादीत संस्था शोधायची. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा नसला तरी शोधायची. आमच्या मुलींना जे ऑगस्टमध्ये कळलं ते जूनमध्ये दहा मिनिटांत कळलं असतं. मात्र "तुम्ही आधी चौकशी का नाही केली?" असं मुलींना विचारणाऱ्यांचा मला संताप येतो. 'शासनमान्य' हा शब्द छापणाऱ्याला ज्यांनी वर्षभर विचारलं नाही, त्यांनी अठरा वर्षांच्या मुलीला विचारू नये.

आता भरपाईचा आकडा. अर्जात किती मागायचं यावर एक अख्खी दुपार गेली. फी, प्रॅक्टिकल फी, गणवेश, खोलीभाडं, एस.टी.चा पास, गहाणाचं व्याज, एवढं पटकन लिहून झालं. दवाखान्यातल्या फुकट रात्रपाळ्या मी घालायला लावल्या. मुलींना तो खर्च वाटतच नव्हता, "शिकायलाच गेलो होतो ना ताई" म्हणत होत्या. मग राहिलं ते वर्ष. ओळखीचे वकील म्हणाले, 'मानसिक त्रास' म्हणून पंचवीस हजार टाका, त्यातले दहा मिळतील, तशी रीत आहे.

ही रीत मला मान्य नाही. बाईच्या घरकामाला किंमत नाही हीदेखील रीतच होती. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचं मोल सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली महिना तीन हजार धरलं. रक्कम तुटपुंजीच, पण शून्य पुसलं गेलं, आणि २०२१ साली न्यायालयानं गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरण्याचं तत्त्व पुन्हा ठामपणे मांडलं. मग मुलीच्या शिकण्याच्या वर्षाला हिशोब का नाही? नोंदणी असलेली परिचारिका पहिल्या वर्षी जे कमावते ते वर्षभराचं उत्पन्न, एवढा तरी आधार धरा. मानसिक त्रास वेगळा लिहा. तो आहेच, पण वर्षाच्या बदल्यात तो नाही. वर्ष ही त्रासाची भावना नव्हे, वस्तुस्थिती आहे.

तसं लिहिलं. आयोग किती मान्य करील ते करील. तक्रार दाखल झाली, संस्थेला नोटीस गेली. संस्थेच्या वकिलानं पहिल्याच उत्तरात म्हटलं आहे, की शिक्षण हा व्यवसाय नसून सेवाव्रत आहे. आम्ही युक्तिवादाच्या तयारीत पावत्या तारीखवार लावतो आहोत. सहापैकी एकीची पावती पावसात भिजून आकडा पुसला गेला आहे. तिच्या आईनं त्या दिवशी बचत गटाच्या वहीत कर्जाची नोंद केली होती, ती वही मागवली आहे. सही करून निम्मी फी घेतलेल्या तिघींपैकी एक परवा येऊन गेली. सासरहून माहेरी आली होती, चार दिवसांसाठी. आपल्यालाही साक्ष देता येईल का, असं विचारत होती. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही म्हणाली. तिला पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी बोलावलं आहे.